पक्ष्याविना पिंजरा, जगभर पसरलेलं गाव

इंग्लंडच्या पोटात डर्बीशर नावाचा परगणा आहे आणि तिथे मेलबर्न नावाचं एक लहानसं गाव आहे. ऑस्ट्रेलियातलं नव्हे, ते नंतरचं. या गावात ‘मेलबर्न हॉल’ हा जुना वाडा आहे. वाड्यामागे आखीवरेखीव बाग आहे, बागेत मोठं तळं आहे, आणि तळ्यापलीकडे, वाड्याच्या बरोबर समोर, एक मंडप उभा आहे. त्याला विटेची भिंत नाही, दगडी खांब नाहीत, कौलं नाहीत. सगळा लोखंडाचा आहे, आणि तोही ठोकून ठोकून हातानं घडवलेला. वर घुमट, घुमटाच्या माथ्यावर चिमुकली मेघडंबरी, खाली वेलबुट्टीच्या जाळ्या, लोखंडाची पानं, लोखंडाची वळणं. गावकऱ्यांनी त्याला ‘बर्डकेज’ म्हणजे पिंजरा म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. पक्षी मात्र त्यात नाहीत. बागेत फिरता फिरता टेकावं आणि तळ्यावरून वाड्याकडे पाहावं, एवढ्यासाठीच तो बांधला.

तीनशे वर्षांहून जुना हा मंडप इंग्लंडमधल्या लोखंडी कामाचा एक मानाचा नमुना समजला जातो. त्याच्याभोवती इतक्या गमतीशीर, इतक्या थक्क करणाऱ्या गोष्टी गुंफलेल्या आहेत की एकीला हात घालावा तर दुसरी ओढली जाते. त्यातल्या दोन-तीन तर थेट मुंबईत येऊन पोचतात.

ओतलेलं नाही, घडवलेलं

लोखंडी नक्षी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर जुन्या इमारतींचे कठडे येतात. ते बहुतेक बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. साचा करायचा, वितळलेला रस ओतायचा, निवला की बाहेर काढायचा. एका साच्यातून शंभर फुलं काढा, शंभरही सारखीच.

बर्डकेजची गोष्ट वेगळी. ते घडीव लोखंड आहे. भट्टीत कांब लाल करायची, सांडशीत धरून ऐरणीवर ठेवायची, हातोडा मारायचा. निवली की परत भट्टीत. प्रत्येक वळण वेगळं ठोकलेलं. त्यामुळे या मंडपातली दोन पानं काटेकोर मोजली तर तंतोतंत सारखी निघणार नाहीत. माझ्या मते त्याचा जिवंतपणा तिथेच आहे.

दोन्ही लोखंडांचा स्वभावही निराळा. बिडात कार्बन साधारण दोन ते चार टक्के असतो, म्हणून ते कडक पण ठिसूळ. घाव घातला तर तडकतं. घडीव लोखंडात कार्बन जवळपास नसतोच, म्हणून ते वाकतं, लांबतं, पिळलं जातं. शिवाय त्यात मळीचे बारीक धागे राहून गेलेले असतात. हातोड्याखाली ते लांबत जातात आणि धातूला लाकडासारखा पोत देतात. जुनी घडीव कांब मोडली तर आतले तंतू उघड्या डोळ्यांनी दिसतात.

आणि जोड? गॅसचा नळा नव्हता, विजेचं वेल्डिंग तर स्वप्नातही नव्हतं. दोन तुकडे पांढरेफेक होईस्तोवर तापवायचे, एकावर एक ठेवायचे आणि नेमक्या क्षणी घाव घालायचे. क्षण चुकला की जोड कच्चा. जिथे असा सांधा शक्य नाही तिथे रिबीट किंवा लोखंडी पट्टीची कडी. पानांसाठी पातळ पत्रा घ्यायचा, शिशाच्या ठोकळ्यावर पालथा टाकायचा आणि मागून ठोकून उठाव काढायचा. पुढून पाहणाऱ्याला पानाची शीर दिसते; मागचे घाव फक्त कारागिराला माहीत.

हा मंडप भट्टीवर चढला त्याच सुमारास एक मोठा योगायोग घडत होता. पश्चिमेकडे श्रॉपशरमधल्या कोलब्रुकडेल इथे 1709 साली अब्राहम डार्बीनं लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाचा कोक वापरून लोखंड वितळवण्यात यश मिळवलं. पुढचं सगळं यंत्रयुग त्या भट्टीतून निघालं. 1779 मध्ये त्याच टापूत ओतीव लोखंडाचा पहिला मोठा पूल उभा राहिला. म्हणजे हातोड्याच्या कलेचा हा मुकुटमणी तयार होत असतानाच तिला मागे टाकणारं तंत्र काही दिवसांच्या वाटेवर जन्म घेत होतं.

120 पौंडांचा मंडप, कफल्लक कारागीर

करणाऱ्याचं नाव रॉबर्ट बेकवेल. जन्म 1682, उटॉक्सिटर गावच्या लोहार घराण्यातला. मेलबर्नला तो 1706 च्या सुमारास आला तेव्हा वय चोविशीचं. आज ज्याच्या कामाला मानाचा नमुना म्हणतात त्याची ही कारकिर्दीची सुरुवात होती, हे ऐकून मी तरी थक्क होतो. चोविसाव्या वर्षी, आधीचं कुठलंही मोठं काम नावावर नसताना, असा घुमट कोण अंगावर घेतं?

मंडपाचा मोबदला 120 पौंड. त्या काळी हातावर पोट असलेल्या मजुराला एवढे पैसे मिळवायला कित्येक वर्षं लागली असती, म्हणून आकडा मोठा वाटतो. पण लोखंड, कोळसा आणि मदतनिसांची मजुरी यांत रक्कम कुठच्या कुठे जायची, आणि काम तर वर्षानुवर्षं चाललं. 1711 मध्ये वाड्याच्या मालकाची बहीण एलिझाबेथ हिनं भावाला लंडनला पत्र धाडलं. त्यात ती सांगते की बेकवेलनं मंडप एकदाचा पुरा केला आहे. पण त्याची अवस्था इतकी बिकट आहे की थोडे पैसे हातात पडल्याशिवाय त्याला गावातून हलता यायचं नाही.

ही दोन ओळींची खबर मला मंडपाइतकीच मोलाची वाटते. श्रीमंतांच्या बागा कुणी आखल्या, पुतळे कुणी दिले, हे इतिहासात ठळक लिहिलेलं असतं. लोहाराच्या घरी चूल पेटली की नाही, हे सहसा कुणी लिहीत नाही. इथे लिहिलं गेलं, आणि वाड्यातले जुने कागद जपले गेले म्हणून ते आपल्यापर्यंत आलं.

पुढे बेकवेलचे दिवस पालटले. तो डर्बी शहरात गेला, तिथे त्यानं स्वतःचं भट्टीघर थाटलं आणि उरलेलं आयुष्य त्या परिसरातल्या चर्चना आणि हवेल्यांना फाटकं, जाळ्या, कठडे पुरवण्यात घालवलं. 1752 मध्ये तो वारला. डर्बीच्या कॅथीड्रलमध्ये आजही त्याची लोखंडी जाळी पाहायला मिळते. जेम्स गिब्ज या नामांकित वास्तुकारानं ते चर्च 1720 च्या दशकात नव्यानं बांधलं, आणि आतली रुंद जाळी बेकवेलनं घडवली. उजेड अडत नाही आणि जागा मात्र विभागली जाते, अशी करामत आहे ती.

त्याच शहरातल्या रेशीम गिरणीची फाटकंही त्याचीच. या गिरणीची कहाणी तर एखाद्या हेरकथेला शोभेल अशी. जॉन लोम नावाचा तरुण इटलीतल्या पिडमाँटमध्ये गेला, तिथल्या रेशीम यंत्रांची माहिती चोरून घेऊन आला, आणि मग डर्वेंट नदीकाठी पाण्यावर चालणारा प्रचंड कारखाना उभा राहिला. 1721 पर्यंत काम पुरं झालं होतं. आज तिथे संग्रहालय आहे आणि डर्वेंट खोऱ्यातल्या गिरण्यांचा हा पट्टा 2001 पासून जागतिक वारसा यादीत आहे. यंत्रयुगाच्या दारावर हातकामाची फाटकं!

तीन बेकवेल, तिघांचा एकमेकांशी संबंध नाही

या नावानं भल्याभल्यांचा गोंधळ होतो. एक आपला लोहार. दुसरा रॉबर्ट बेकवेल अठराव्या शतकातलाच, पण शेजारच्या लेस्टरशरमधला शेतकरी. त्यानं निवडक पैदाशीनं मेंढ्या आणि गुरांच्या जाती सुधारल्या. पुढे चार्ल्स डार्विननंही त्याच्या कामाचा उल्लेख केला. तिसरं बेकवेल हे माणूस नव्हे, गाव आहे. तेही डर्बीशरमध्येच, आणि बदाम व जॅम घातलेल्या पुडिंगसाठी प्रसिद्ध. तेव्हा ‘बेकवेलचं काम’ असं कुणी म्हणालं तर आधी विचारून घ्यावं: लोखंडाचं, लोकरीचं की लोण्याचं?

फ्रान्समधून आलेली लाट

अशी नाजूक लोखंडी कला इंग्लंडमध्ये आली कुठून? मोठा वाटा ज्याँ तिजू या फ्रेंच कारागिराचा. 1689 च्या आसपास तो इंग्लंडात आला. राजा विल्यम आणि राणी मेरी यांच्यासाठी त्यानं हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या बागेला लोखंडी जाळ्यांचा पडदा केला, सेंट पॉल्स कॅथीड्रलसाठीही काम केलं, आणि 1693 मध्ये नक्षीच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं. पत्र्यातून उठाव काढलेली पानं, मुखवटे, गुंतागुंतीची वळणं ही त्याची खासियत. त्या पुस्तकानं इंग्रज लोहारांच्या एका अख्ख्या पिढीचे हात बदलले. बेकवेलच्या मंडपात ती छाया स्पष्ट दिसते, पण त्याचं काम तिजूपेक्षा हलकं आहे. तिजू दिमाख दाखवतो. बेकवेल हवा खेळती ठेवतो. मला दुसरा जास्त आवडतो.

मालक: दरबारी, हौशी, आणि ऑपेराचा पंच

मंडप करवून घेणारे टॉमस कोक हे संसद सदस्य, आणि 1706 पासून राणी अ‍ॅनच्या दरबारातले उपचेंबरलेन. पद भारदस्त, पण त्यातलं एक काम भलतंच रंगतदार. लंडनची नाट्यगृहं दरबाराच्या देखरेखीखाली होती, त्यामुळे नटांची भांडणं, गायकांचे पगार, वादकांच्या तक्रारी असा सगळा कज्जा कोक यांच्या टेबलावर यायचा. आणि नेमक्या त्याच वर्षांत इटालियन ऑपेरानं लंडन वेडं केलं होतं. हँडेलचा ‘रिनाल्डो’ हेमार्केटच्या थिएटरात 1711 मध्ये रंगमंचावर आला; एलिझाबेथचं ते पत्र त्याच वर्षीचं. इकडे लोहाराची उधारी, तिकडे गायकांचे रुसवे. कोक यांचे नाट्यविषयक कागद आता पुस्तकरूपानं छापलेले आहेत आणि त्या काळच्या रंगभूमीचे अभ्यासक त्यांवर जीव टाकतात.

वाड्याची जागा मुळात कार्लाइलच्या बिशपची. कोक घराणं तिथे भाडेपट्ट्यानं राहत होतं. टॉमस यांनी ती 1704 मध्ये कायमची घेतली आणि बागेवर पैसा ओतला.

व्हर्सायची धाकटी बहीण

बागेचा आराखडा जॉर्ज लंडन आणि हेन्री वाइज या जोडीचा. त्या काळी इंग्लंडात बाग करायची म्हणजे यांनाच बोलवायचं असा दबदबा. लंडनजवळ ब्रॉम्प्टन पार्क इथे त्यांची शंभर एकरांच्या आसपास पसरलेली रोपवाटिका होती. आजची मोठी संग्रहालयं उभी आहेत तोच हा भाग. वाइज पुढे राणी अ‍ॅनचे मुख्य माळी झाले.

नमुना फ्रेंच: व्हर्सायच्या राजबागेसारख्या सरळ वाटा, दोन्ही बाजूंना कातरलेली कुंपणं, वाटेच्या टोकाला कारंजं किंवा पुतळा. डोळा कुठेही फिरला तरी शेवटी काहीतरी भेटलंच पाहिजे. वाड्यातून सरळ पाहिलं तर टोकाला भेटतो तो आपला पिंजरा. आणि तो जाळीचा असल्यामुळे नजर त्याच्यावर आदळत नाही, आरपार निघून जाते. दगडी मंडपाला हे जमलं नसतं.

बागेतली यू वृक्षांची बोगदावजा वाट पाहून मात्र अंगावर काटा येतो. कधीकाळी लाकडी कमानींवर चढवलेली ही झाडं आता स्वतःच्याच फांद्यांवर छप्पर पेलून उभी आहेत. बाहेर लख्ख दुपार असली तरी आत संध्याकाळ.

पुतळे शिशाचे. फ्लँडर्समधून आलेल्या यान फान नोस्त या शिल्पकारानं लंडनमधल्या आपल्या कार्यशाळेत ते ओतले. चार ऋतूंचा भव्य कलश हे त्यातलं सगळ्यात मानाचं काम. तो राणी अ‍ॅननं कोक यांना भेट दिला असं सांगतात. पण लहान मुलांना घेऊन जाल तर ती कलशापाशी थांबणार नाहीत. ती धावतील पंखवाल्या बाळांच्या जोड्यांकडे. हेजच्या कोनाड्यांत ही गुटगुटीत बाळं आधी भांडताना दिसतात, झोंबाझोंबी करतात आणि शेवटी समेट करून एकमेकांना मिठी मारतात. तीनशे वर्षं तोच खेळ.

मालक घरी नव्हते, म्हणून बाग वाचली

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लंडन-वाइज जोडीनं देशभर बागा केल्या, पण त्यातल्या फारच थोड्या उरल्या. कारण अठराव्या शतकाच्या मध्यावर फॅशन फिरली. ‘केपेबिलिटी’ ब्राउन आणि त्याच्यासारखे बागकार आले. त्यांनी सरळ वाटा उखडल्या, हेज कापली, तळ्यांचे काठ वाकडेतिकडे केले आणि वाड्याच्या दारापर्यंत हिरवळ आणली. निसर्गासारखं दिसलं पाहिजे, हा नवा मंत्र. जुनी आखीव बाग ठेवणं म्हणजे मागासलेपण. लोखंडी नक्षीची तर धडाधड मोडतोड झाली. लोखंड भंगारात जातंच.

मेलबर्नला हे झालं नाही, कारण मालकांचं तिथे लक्षच नव्हतं. कोक घराण्यातली शार्लट 1740 मध्ये मॅथ्यू लॅम या धनाढ्य वकिलाशी लग्न करून गेली आणि वाडा लॅम घराण्याकडे आला. त्यांचा जीव लंडनमध्ये आणि हर्टफर्डशरच्या ब्रॉकेट हॉलमध्ये गुंतलेला. डर्बीशरच्या या वाड्यात ते क्वचित राहायचे. जिथे राहायचं नाही तिथली बाग बदलायला पैसा कोण घालेल? फॅशनची लाट गावाच्या वेशीवरून निघून गेली आणि यूची झाडं निवांत वाढत राहिली. जपणुकीसाठी झटणाऱ्यांबद्दल आपण नेहमी आदरानं बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण वारसा कधी कधी निव्वळ दुर्लक्षानंही टिकतो, हेही खरं. आज ही बाग आणि तो पिंजरा, दोन्ही सरकारी वारसा यादीत सर्वोच्च श्रेणीत आहेत.

गावाचं नाव समुद्रापार

त्याच लॅम घराण्यातला विल्यम लॅम, दुसरा व्हायकाउंट मेलबर्न, ब्रिटनचा पंतप्रधान झाला. 1837 मध्ये अठरा वर्षांची व्हिक्टोरिया गादीवर आली तेव्हा राज्यकारभाराचे धडे तिला त्यानंच दिले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या नव्या वसाहतीला गव्हर्नर रिचर्ड बर्क यांनी पंतप्रधानाचं नाव दिलं. त्याआधी वसाहतीची जी नावं लोकांच्या तोंडी होती त्यांत एक होतं ‘बॅटमॅनिया’! जॉन बॅटमन या तिथल्या आद्य वसाहतकाराच्या आडनावावरून. तेच टिकलं असतं तर आपण दर डिसेंबरात पहाटे उठून बॅटमॅनिया क्रिकेट ग्राउंडवरची कसोटी पाहत बसलो असतो.

आणि त्या मैदानावर एका मराठी माणसानं काय केलं हे आठवल्याशिवाय पुढे जाववत नाही. डिसेंबर 2020. अ‍ॅडलेडला भारत 36 धावांत गुंडाळला गेलेला, विराट कोहली मायदेशी परतलेला. संगमनेर तालुक्यात जन्मलेल्या आणि डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेनं मेलबर्नला कर्णधार म्हणून 112 धावा काढल्या आणि भारतानं सामना आठ गडी राखून जिंकला. सामनावीराला दिलं जाणारं मुलाघ पदक त्या सामन्यात पहिल्यांदाच दिलं गेलं, तेही रहाणेला. जॉनी मुलाघ हा 1868 मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या ऑस्ट्रेलियन आदिवासी संघातला खेळाडू.

लॉर्ड मेलबर्नच्या मागे वाडा आधी भावाकडे आणि मग बहिणीकडे गेला. तिचा नवरा लॉर्ड पामर्स्टन, तोही पंतप्रधान. एका पिंजऱ्याला दोन पंतप्रधान लाभले.

माळ्याचा पोऱ्या ते टूरवाला

22 नोव्हेंबर 1808 रोजी याच मेलबर्न गावात एका गरीब घरात टॉमस कुक जन्मला. वयाच्या दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो लॉर्ड मेलबर्नच्या मालमत्तेवर माळ्याच्या हाताखाली राबू लागला, दिवसाला एक पेनी मजुरीवर. 5 जुलै 1841 ला त्यानं दारूबंदीवाल्या सुमारे पाचशे लोकांना एक शिलिंगात लेस्टरहून लफबराला रेल्वेनं नेऊन आणलं. प्रवासी कंपन्यांचा धंदा तिथून सुरू झाला असं मानतात.

मुंबईत त्याच्या कंपनीची कचेरी 1881 मध्ये उघडली. फोर्टातल्या जुन्या हॉर्नबी रोडवरची, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रोडवरची, टॉमस कुकची पाटी मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाची. पण फार थोड्यांना माहीत असेल की 1880 च्या दशकात हिंदुस्थान सरकारनं मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्या हज यात्रेकरूंच्या प्रवासाची व्यवस्था याच कंपनीकडे सोपवली होती. यात्रेकरूंचे जहाजांवर होणारे हाल थांबावेत हा हेतू होता. काही वर्षांत तो करार संपला.

म्हातारपणी कुक आपल्या गावाला विसरला नाही. गरिबांसाठी चाळवजा घरांची रांग आणि एक प्रार्थनागृह त्यानं तिथे बांधलं. 1892 मध्ये तो वारला.

आणि आता काळा घोडा

मेलबर्न गावातली माझी सर्वांत लाडकी गोष्ट हीच. 1824 मध्ये तिथे रोलंड मेसन ऑर्डिश नावाचा मुलगा जन्मला. मोठेपणी तो लोखंडी बांधकामाचा इंजिनिअर झाला, आणि साधासुधा नव्हे. 1851 च्या लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या आराखड्यांवर त्यानं काम केलं. सेंट पँक्रस स्टेशनचं प्रचंड कमानी छप्पर, जे 1868 मध्ये उघडलं आणि ज्याचा एकसलग विस्तार 240 फूट आहे, त्यात विल्यम बार्लोबरोबर त्याचा वाटा होता. अल्बर्ट हॉलच्या घुमटाचा सांगाडाही त्याच्या डोक्यातून निघाला. टेम्स नदीवरचा 1873 चा अल्बर्ट ब्रिज त्याचाच. तो पूल पावलांच्या ठेक्यानं थरथरतो, म्हणून कवायतीच्या ठेक्यात तो ओलांडू नये अशी सैनिकांसाठीची सूचना आजही पुलावर लावलेली आहे. सिंगापूरचा कॅव्हेना ब्रिजही त्याचा.

आणि मुंबईतलं वॉटसन्स हॉटेल!

होय, काळ्या घोड्याजवळची ती काळवंडलेली, खचलेली एस्प्लनेड मॅन्शन. जॉन वॉटसन या व्यापाऱ्यासाठी ऑर्डिशनं तिचा आराखडा केला. लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये, डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत ओतला गेला. सुटे भाग जहाजानं मुंबईत आले आणि 1867 ते 1869 दरम्यान जागेवर जोडले गेले. बहुमजली, संपूर्ण ओतीव लोखंडाच्या चौकटीवर उभी असलेली ही जगातल्या टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या इमारतींपैकी एक. भिंतींवर भार नाही. सगळा भार खांबांवर आणि तुळयांवर. पुढे जगभर ज्या पद्धतीनं उंच इमारती उभ्या राहिल्या तिची ही मुंबईतली पूर्वज.

7 जुलै 1896 रोजी याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. हिंदुस्थानातला सिनेमाचा तो पहिला खेळ, तिकीट एक रुपया. त्याच दिवसांत मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, या चित्रांनी भारावले आणि त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला. 1899 मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्तीचं चित्रण करून ते हिंदुस्थानातल्या आद्य चित्रपटकारांत जाऊन बसले. पुढे फाळके आले. मराठी माणसाच्या सिनेमाचा पहिला धागा अशा रीतीनं एका लोखंडी इमारतीला जोडलेला आहे, आणि ती इमारत डर्बीशरच्या त्या गावच्या पोराला.

लहानपणी ऑर्डिशनं बर्डकेज पाहिला होता का, याची नोंद माझ्या पाहण्यात नाही. पण एवढ्याशा गावात, वाड्याच्या बागेत लोखंडाचा घुमट उभा असताना, बाप जमीनमोजणीच्या कामात असलेल्या मुलाच्या नजरेतून तो सुटला असेल, असं मला मनापासून वाटत नाही. बेकवेलनं एकेक पान ठोकून एक घुमट केला. दीडएकशे वर्षांनी त्याच गावच्या माणसानं लोखंड कागदावर मोजलं, साच्यात ओतवलं आणि आख्खं हॉटेल खोक्यांत भरून मुंबईला धाडलं. लोखंडाच्या इतिहासाची दोन टोकं एका वेशीत सापडणं, याहून मोठी गंमत मला तरी माहीत नाही.

दोन्ही वास्तूंची आजची अवस्था मात्र फार वेगळी. बर्डकेज नीट रंगवलेला, गंजापासून जपलेला आहे. एस्प्लनेड मॅन्शनचा पश्चिमेकडचा काही भाग 2005 मध्ये कोसळला, आणि त्याच सुमारास तिचं नाव जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत लागलं. मुंबईनं या इमारतीकडे ज्या बेफिकिरीनं पाहिलं त्याचं मला वाईट वाटतं. दुर्लक्षानं झाडं वाढतात, लोखंड गंजतं.

दुरुस्तीचं अवघड कोडं

घडीव लोखंडाची जुनी वास्तू दुरुस्त करायची तर कसलं लोखंड वापरायचं? बाजारात मिळतं ते पोलाद. अस्सल घडीव लोखंड व्यापारी प्रमाणावर बनवणं इंग्लंडमध्ये 1970 च्या दशकातच थांबलं. त्यामुळे आजचे दुरुस्ती करणारे लोहार जुन्या साखळ्या, नांगर, मोडलेले पूल यांचं लोखंड गोळा करतात, ते पुन्हा तापवून लाटतात आणि त्यातून नवी कांब काढतात. एखाद्या जहाजाची साखळी पुढे कुणाच्या बागेतलं पान होऊ शकते.

जायचं असेल तर

मेलबर्न हॉल आजही खाजगी आहे, वंशजांच्या ताब्यात आहे. बाग साधारण एप्रिल ते सप्टेंबर या काळात ठरावीक दिवशी खुली असते. वाडा आतून पाहायचा तर ऑगस्टच गाठावा लागतो. डर्बी शहर तिथून अगदी जवळ. सकाळी डर्बीत उतरलात तर कॅथीड्रलमधली जाळी आणि रेशीम गिरणीची फाटकं आधी पाहा, दुपारी मेलबर्न. बेकवेलचं उत्तरायुष्य आधी आणि पहिलं मोठं काम नंतर, असा हा उलटा क्रम आहे खरा. पण असं केलं की बर्डकेजसमोर उभं राहिल्यावर कळतं, चोविशीतल्या त्या पोराला पुढे शिकायला फार थोडं उरलं होतं.